पहाडगंजातली अबोली

पहाडगंजात गप्प राहायची सोय नाही. नवी दिल्ली स्थानकातून पहाडगंजच्या बाजूनं बाहेर पडलं, की पहिल्या पावलाला कुणीतरी विचारतं, ‘कहाँ जाना है जी?’ रिक्षावाला विचारतो, हॉटेलाचा दलाल विचारतो, मोबाइलची कव्हरं विकणारा पोरगा विचारतो. आपण उत्तर दिलं नाही तरी त्यांचं काही अडत नाही. आपल्या वतीनं उत्तरही तेच देतात आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढतात. मेन बाजारात शिरलं की हा ओघ आणखी वाढतो. चामड्याच्या पिशव्या, चांदीच्या अंगठ्या, उदबत्त्या, सुती झब्बे, फळांच्या रसाच्या गाड्या, मधूनच एखादी निवांत गाय, आणि या सगळ्यांच्या वर एकात एक अडकलेल्या विजेच्या तारा आणि लॉजांच्या पाट्या. रस्ता एवढा अरुंद, की समोरून येणाऱ्याच्या अंगाला अंग लागल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आणि अंगाला अंग लागलं की दिल्लीचा माणूस काहीतरी बोलतोच. चिडून बोलतो किंवा हसून, पण बोलतो.

अशा वस्तीत माझ्यासारखी घुमी बाई येऊन पडली ती सरकारी नोकरीमुळं. आरामबागेत क्वार्टर मिळालं, सामान लागलं, आणि मग हळूहळू ध्यानात आलं की इथं दूध आणायला जायचं तरी दोनचार जणांशी बोलणं होणार. सांगलीत आमच्या गल्लीत मी मान खाली घालून शाळेत जाई आणि तशीच परत येई. त्याबद्दल आत्या मला माणूसघाणी म्हणे, मावशी एकलकोंडी म्हणे, आणि आई काही न म्हणता पाहुण्यांसमोर नुसती कानकोंडी होई. पाहुणे गेले की मात्र म्हणे, ‘चार माणसांत मिसळावं गं. तोंड उघडल्याशिवाय जग कसं कळायचं?’ अण्णा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणत, ‘असू दे. आहे ती बरी आहे. सगळेच बोलायला लागले तर ऐकायचं कुणी?’

दोघांचीही माझ्यावर माया होती, आणि दोघांचं म्हणणं एकमेकांच्या अगदी उलट होतं. मोठी होताना मी सोयीप्रमाणं कधी इकडं कधी तिकडं झाले. कुठं जायचा कंटाळा आला की अण्णा बरोबर, आणि वर्गातल्या मुली मला सोडून सिनेमाला गेल्या की आई बरोबर. आपण जसे आहोत तसं स्वतःला पत्करायचं की रोज थोडं बदलत राहायचं, हा प्रश्न पुस्तकांत फार गंभीर चेहऱ्यानं विचारला जातो. आमच्या घरी तो रात्रीच्या जेवणाला पिठल्याबरोबर वाढला जाई.

पहाडगंजानं तो प्रश्न माझ्यासमोर वेगळ्या रीतीनं मांडला. ही वस्ती मुळातच येणाऱ्या-जाणाऱ्यांची. शहाजहानाबादच्या तटबंदीबाहेर, अजमेरी दरवाज्यापलीकडं वसलेला हा मोगलकाळापासूनचा बाजार. पुढं इंग्रजांनी नवी दिल्ली उभारली आणि अजमेरी दरवाजा आणि पहाडगंज यांच्यामध्ये रेल्वे स्थानक आलं. आजही दिल्लीकर स्थानकाच्या दोन बाजूंना याच दोन नावांनी ओळखतात. 1947 साली फाळणीत पश्चिम पंजाबातून उठून आलेली माणसं इथं आली. मुलतानी ढांडा हे इथल्या मोहल्ल्याचं नाव अजून मुलतानची आठवण वागवतं. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा खुष्कीचा प्रवास करत हिप्पी आले आणि मेन बाजारातल्या स्वस्त खोल्यांत उतरले. त्यांच्यामागून पाठीवर पिशवी टाकलेले इस्रायली आले, घाऊक माल उचलणारे रशियन आले. एखाद्या दुकानावर हिब्रू अक्षरं, शेजारच्यावर रशियन, त्याच्या वर देवनागरी आणि गुरुमुखी.

ज्या दुकानदारांची ही दुकानं, त्यांच्याकडं मी पुष्कळ दिवस नुसती बघत असे. बघणं हे घुम्या माणसाचं खरं काम; बोलायचं नसल्यामुळं डोळ्यांना भरपूर वेळ मिळतो. शाली विकणारा एक म्हातारा सरदार गिऱ्हाईक बघून भाषा काढे. गोऱ्या पोरीला हिब्रूत नमस्कार, जाड कोट घातलेल्या जोडप्याला रशियनमधून भाव, आणि मी दिसले की ‘आओ बेटा’. त्याला या भाषा येत होत्या असं कुणी म्हणणार नाही. नमस्कार, या, बसा, किती हवं, एवढं महाग नाही, परत या, इतका ऐवज प्रत्येक भाषेतला त्याच्यापाशी होता. तेवढ्यावर त्याचं दुकान चाले. आणि दुपारी गर्दी ओसरली की तो फळीवर पाय दुमडून बसे, डोळे मिटून जपजी पुटपुटे, आणि त्या वेळी समोर कुणीही येऊन उभं राहिलं तरी त्याला दिसत नसे. रशियन बोलल्यानं तो रशियन झाला नव्हता, आणि आपण पंजाबी आहोत म्हणून रशियन शिकणार नाही असा हट्टही त्यानं धरला नव्हता. माझ्या आईच्या आणि अण्णांच्या भांडणाचा निकाल बहुधा त्या दुकानाच्या फळीवर कधीच लागून गेला होता. मला तो वाचायला वेळ लागला इतकंच.

वेळ लागायचं कारण म्हणजे मधल्या काळात मी दुसऱ्या वाटांनी हिंडत होते. दर्यागंजात रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरे. 2019 साली तो महिला हाटच्या आवारात गेला. तिथं व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांचे ढीग असत आणि ढिगाच्या वरच्या अंगाला हमखास डेल कार्नेगी. त्याचं मित्र जोडण्याविषयीचं पुस्तक 1936 सालचं. हिंदीत ते ‘लोक व्यवहार’ या नावानं घरोघर आहे. हसतमुख राहा, समोरच्याचं नाव लक्षात ठेवा, त्याला बोलू द्या, मनापासून ऐका. यातलं काय चुकीचं आहे? काहीही नाही. पण मी वाचत असे ते परीक्षेचा निकाल वाचावा तसं. पान उलटलं की आणखी एका विषयात नापास. पुस्तकातला सल्ला शहाणा होता आणि वाचणारी स्वतःवर खटला भरून बसली होती. अशा मनानं माणूस हसायला शिकला तर ते हसू आरशासमोर बसवल्यासारखं दिसतं, आणि समोरच्याला ते कळतं. दिल्लीवाल्यांना तर फार लवकर कळतं.

मग वारं फिरलं. मोबाइलवर सकाळी सकाळी फुलांच्या चित्रासकट दुसरा उपदेश यायला लागला: तू जशी आहेस तशी परिपूर्ण आहेस, कुणासाठी बदलू नकोस. अण्णांचंच बोलणं, पण अण्णांच्या आवाजातला मिश्कीलपणा काढून घेतलेलं. काही दिवस ते फार गोड वाटलं. कचेरीतल्या बायका डबा खायला एकत्र बसत तेव्हा मी माझ्या टेबलावर एकटी जेवत असे आणि मनाशी म्हणत असे, मी अशीच आहे. पण मी अशीच आहे असं दिवसातून फार वेळा म्हणावं लागलं की त्यात काहीतरी गोम असते. ज्याला खरोखर एकटं जेवायला आवडतं तो मुकाट्यानं जेवतो. त्याला घोषणा द्यावी लागत नाही. मला त्या बायकांत बसायचं होतं आणि कसं बसायचं ते येत नव्हतं. येत नाही हे कबूल करायच्या ऐवजी मी त्याला स्वभाव म्हणत होते.

या दोन टोकांमधली वाट मला सापडली ती एका अमेरिकन माणसाच्या गोष्टीत, आणि ती गोष्ट माझ्यापर्यंत पोचली मराठीतून. अल्बर्ट एलिस हे विसाव्या शतकातल्या मानसोपचारातलं फार मोठं नाव. 1913 साली जन्मलेला हा मुलगा लहानपणी मूत्रपिंडाच्या आजारानं वारंवार रुग्णालयात पडून असे, आणि तरुणपणी कमालीचा लाजाळू होता. मुलींशी बोलायचं म्हटलं की पाय लटपटत. एकोणीस वर्षांचा असताना त्यानं स्वतःला एक काम लावून घेतलं. न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून मिनिटाभरात बोलायला सुरुवात करायची. पुढं आयुष्यभर तो हा हिशेब हसत हसत सांगत असे: एकशेतीस जणी, त्यांतल्या तीस उठून गेल्या, शंभरजणी बोलल्या, एकीनं भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही.

व्यवहाराच्या हिशेबानं हा धंदा साफ बुडीत. पण एलिसनं त्यातून जे उचललं ते वेगळंच होतं. कुणी ओरडलं नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत, आकाश कोसळलं नाही, आणि नकार घेऊन घरी गेल्यावरही तो तोच अल्बर्ट होता. बोलण्याची भीती मात्र या महिनाभरात पार झिजली. 1955 च्या सुमारास त्यानं जी उपचारपद्धती मांडली, तिच्या मुळाशी हा बाकावरचा महिना आहे. तिचं सूत्र मी माझ्या शब्दांत सांगते: कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. आजचं बोलणं फसलं, हे खरं असू शकतं. म्हणून मी फसलेली बाई आहे, हे खरं नाही. एवढ्या मोठ्या, बदलत्या, गुंतागुंतीच्या जिवाला एक आकडा लावणारा परीक्षक अजून जन्माला आलेला नाही. म्हणून स्वतःचा स्वीकार विनाअट करायचा आणि आपल्या कृतीची तपासणी मात्र कठोरपणे करायची. एलिसला तर आत्मप्रतिष्ठा हा शब्दच धोक्याचा वाटे, कारण ती यश मिळालं की चढते आणि अपयश आलं की उतरते. वयाची नव्वदी ओलांडल्यावर, 2005 साली, त्यानं आत्मप्रतिष्ठेच्या या भ्रमावर अख्खं पुस्तक लिहिलं.

हे सगळं मराठीत आणलं ते डॉ. कि. मो. फडके यांनी. मुंबईचे हे मानसशास्त्रज्ञ एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करत राहिले, आणि विवेकनिष्ठ विचारपद्धती म्हणून ती शिकवण त्यांनी इथल्या माणसांपर्यंत पोचवली. पुढं डॉ. अंजली जोशी यांचं ‘मी अल्बर्ट एलिस’ आलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेतही ही पद्धत रुजली. ब्राँक्सच्या बाकावरचा तो बावरलेला पोरगा मराठी मध्यमवर्गाला इतका जवळचा का वाटावा, याचं उत्तर आमच्या आळीतल्या कुठल्याही घरात मिळेल. चारचौघांत हसं होऊ नये यासाठी आपण केवढं आयुष्य राखून ठेवतो! लोक काय म्हणतील या धाकात गाणारे गात नाहीत आणि विचारणारे विचारत नाहीत.

अर्थात ही वाट मराठीला अगदी अनोळखी होती असंही नाही. दासबोधाच्या चौदाव्या दशकात चातुर्यलक्षण नावाचा समास आहे. रामदासांचं तिथलं म्हणणं व्यवहारी आहे. रूप शिकून मिळत नाही, उपजत गोष्टींवर इलाज नाही. तेव्हा तिथं डोकं आपटत बसू नका आणि जे बाहेरून कमावता येतं ते कमवायला लागा. काय सोडून द्यायचं आणि कशाला हात घालायचा, याची इतकी चोख वाटणी मी दुसरीकडं वाचली नाही. आणि हे लिहिणारा माणूस कोण? परंपरा सांगते की जांबचा हा मुलगा बोहल्यावरून पळाला, बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला तपाला बसला, मग बारा वर्षं देशभर हिंडला. एकांताची इतकी ओढ असलेल्या माणसानं पुढं गावोगाव मठ उभारले, माणसं हेरली, जोडली, सांभाळली, आणि लोकांत कसं वागावं याच्या याद्याच्या याद्या लिहून ठेवल्या. तरी दासबोध लिहायला तो पुन्हा शिवथरच्या घळीतच जाऊन बसला असं सांगतात. घळ सोडली नाही आणि माणसंही सोडली नाहीत. त्याच्या याद्या मी शाळेत पाठ केल्या होत्या. त्या लिहिणारा मुळात आपल्यासारखा एकांतप्रिय होता, हे मात्र पहाडगंजात आल्यावर डोक्यात शिरलं.

मग मी माझं उद्यान शोधलं. चुना मंडीत इंपीरियल सिनेमासमोर सीताराम दिवानचंद यांचं छोले-भटुऱ्यांचं दुकान आहे. तिथं बसून खायची पद्धत नाही. उंच टेबलं, भोवती उभी माणसं, आणि जिथं कोपरभर जागा दिसेल तिथं आपली थाळी टेकवायची. पनीर भरलेला टम्म फुगलेला भटुरा, काळपट छोले, आवळ्याचं लोणचं, कांदा. अनोळखी माणसाच्या थाळीपासून आपली थाळी वीतभर अंतरावर, आणि दोघांच्या बोटांना तेच तेल. घुम्या माणसाला सराव करायला याहून चांगली जागा देवानं निर्माण केलेली नाही, कारण इथलं संभाषण फार तर भटुरा संपेपर्यंत चालतं. पहिलं वाक्य मी घरून ठरवून नेत असे. ‘लोणचं इकडं सरकवता का?’ एवढंच. कधी समोरचा नुसतं लोणचं सरकवी आणि मोबाइलमध्ये परत जाई. कधी एखाद्या आजीबाई फाळणीनंतर आपल्या घरच्यांनी इथं पहिला संसार कसा मांडला तिथपर्यंत जात. लाजिरवाणे प्रसंगही झाले. माझ्या हिंदीतलं मराठी ऐकून एक कॉलेजकुमार फसकन हसला. कान तापले, पण भटुरा संपवूनच मी हलले.

एलिस आपल्या रुग्णांना लाज मोडायचे मोठे चमत्कारिक व्यायाम देई. भर रस्त्यात केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं ओढत न्या, भुयारी रेल्वेत येणाऱ्या स्थानकाचं नाव मोठ्यानं पुकारा. मेन बाजारात केळं ओढत नेलं तर कुणी वळूनही बघणार नाही. लोकांनी तिथं याहून नवलाचं पुष्कळ पाहिलं आहे. आणि मेट्रोत रामकृष्ण आश्रम मार्ग हे नाव डब्यातला ध्वनिक्षेपकच इतक्या आदबीनं पुकारतो, की मी आणखी काय पुकारणार? माझा व्यायाम लहान होता. शरदात आरामबागेत बंगाल्यांची दुर्गापूजा मोठ्या थाटात होते. खालच्या मजल्यावरच्या बंगाली काकू दर वर्षी जिन्यात भेटल्या की ‘आना जरूर’ म्हणत आणि मी ‘हां हां’ म्हणून सटके. एके वर्षी गेले. मंडपात धुनुचीचा धूर, ढाक वाजतोय, सगळ्या एकमेकींना ओळखतात आणि मी खांबाला टेकलेली. निघावं असं दहादा वाटलं. शेवटी प्रसादाची खिचडी वाढणाऱ्या रांगेत एक पळी रिकामी दिसली आणि मी ती उचलली. हाताला काम लागलं की तोंडाचं कुलूप सैल होतं, हे ज्ञान कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकात मला सापडलं नव्हतं. ‘और दूँ?’ या एका प्रश्नावर ती सगळी दुपार निभावली.

तरीही मी बोलकी झाले नाही. हे सांगायला हवं, कारण अशा लेखांत शेवटी माणूस पार बदलून गेलेला असतो आणि वाचणाऱ्याला उगाच आपण मागं पडलो असं वाटतं. लग्नाच्या वरातीत ढोल वाजायला लागला की मी अजून मागं सरते. सगळा दिवस माणसांत घालवला की संध्याकाळी मला कुणीही नको असतं. अशा वेळी मी रामकृष्ण मिशनच्या मंदिरात जाते. आरतीला शंभरदीडशे माणसं असतात आणि कुणी कुणाची चौकशी करत नाही. आरतीनंतर पुष्कळजण तसेच बसून राहतात. दाराबाहेर पंचकुइयाँ रस्त्याचे हॉर्न, वर मेट्रोची घरघर, आणि आत ही शांत बसलेली माणसं. पूर्वी मला वाटे, बोलायला शिकले की हे बसणं आपोआप सुटेल. सुटलं नाही, आणि आता सुटायला नको आहे.

मग बदलायचं काय आणि ठेवायचं काय? माझ्यापुरता मी एक निकष लावते. माझ्या ज्या गप्प राहण्यानं समोरचा माणूस एकटा पडतो, ते गप्प राहणं बदलायचं. ज्या गप्प राहण्यानं फक्त लोकांना बोलायला विषय मिळतो, ते तसंच राहू द्यायचं. हा निकष मला पहाडगंजातल्या मराठी माणसांनी दिला. इथं नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. महाराष्ट्रातून दिल्लीला काही कामानं आलेला माणूस स्थानकावरून चालत इकडं येतो. कुणी परीक्षेच्या तयारीला आलेलं बीडचं-लातूरचं पोर, कुणी एम्समध्ये दाखवायला आणलेल्या आजाऱ्याबरोबरचे काका, कुणी दिल्ली बघायला निघालेलं वयस्क जोडपं. हातात पत्त्याचा कागद, चेहऱ्यावर रात्रीच्या गाडीचं जागरण, आणि भोवती सगळीकडून तेच ‘कहाँ जाना है जी’. अशा माणसाला आपल्या बायकोशी किंवा पोराशी मराठी बोलताना ऐकून पूर्वी मी नुसतीच मनातून सुखावे आणि पुढं जाई. त्यांना माझ्या मनातल्या सुखाचा काय उपयोग? आता मी थांबते आणि विचारते, ‘कुठून आलात?’

या दोन शब्दांनी माणसाचा चेहरा कसा बदलतो ते लिहून सांगणं कठीण आहे. खांद्यावरची पिशवी खाली टेकते. ‘अहो ताई, तुम्ही आपल्याकडच्या?’ मग गाव, तालुका, आजार, परीक्षा, गाडीतली गर्दी, सगळं येतं. मला बोलावं लागत नाही. ऐकता तर मला आधीपासून येतं. अण्णा म्हणत ते खरंच होतं, ऐकणारं कुणीतरी हवं. पण ऐकणारीनं पहिले दोन शब्द स्वतः बोलायला लागतात, ते बोलल्याशिवाय सांगणाऱ्याला कळायचं कसं की इथं कान आहे? आई म्हणे ते याच दोन शब्दांपुरतं खरं होतं. दोघांचं भांडण इथं मिटतं. जे माझ्यात उपजत होतं ते ऐकणं, आणि जे बाहेरून कमवायचं होतं ते ‘कुठून आलात’. पहिलं नसतं तर दुसरं नुसतं पहाडगंजी दलालाचं बोलणं झालं असतं. दुसरं नसतं तर पहिलं माझ्यापाशीच कुजलं असतं.

स्वतःला पत्करणं आणि स्वतःला घडवणं यांत आधी काय, असं मला कुणी विचारलं तर मी पत्करणं आधी म्हणेन. स्वतःवर चिडलेला माणूस शिकतो खरा, पण त्याचं सगळं लक्ष आपण कसे दिसतोय याकडं असतं आणि समोरचा माणूस त्याला दिसतच नाही. समोरचा दिसल्याशिवाय बोलण्याची कुठलीही कला येत नाही. पण पत्करून झाल्यावर तिथंच पाय पसरून बसणाऱ्यालाही मी हेच सांगेन, की समोर कुणीतरी पत्त्याचा कागद घेऊन उभं आहे. तुमचा स्वभाव काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

तुमच्याही घरात एखादी घुमी मुलगी किंवा अबोल मुलगा असेल. पाहुण्यांपुढं त्यांना कविता म्हणायला लावू नका, आणि ‘ती तशीच आहे’ असं म्हणून कायमचं कोपऱ्यातही बसवू नका. एवढंच करा: दारात कुणी आलं की पाण्याचा तांब्या त्यांच्या हाती द्या आणि आलेल्याला ‘कुठून आलात’ हे त्यांना विचारू द्या. पुढं किती बोलायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.